जुना टर्नटेबल निवडण्याची नियमावली

ज्यांना फक्त गाणं ऐकायचं आहे, त्यांनी पुढचं वाचण्यात वेळ दवडू नये. त्यांची सोय मोबाइलवर झालेली आहे. ही नियमावली गंभीर साधकांसाठी आहे.

नियम १ : आधी पंथ, मग यंत्र. पंथ तीन. पहिल्यात मोटर रबरी चाकाने प्लॅटर फिरवते. त्याचं दैवत इंग्लंडमधल्या स्विंडनचा, १९५०च्या दशकातला गॅरार्ड ३०१. दुसऱ्यात पट्टा असतो; तिथे ग्लासगोच्या लिन एलपी१२ची पूजा चालते. तिसऱ्यात मोटर थेट प्लॅटरखालीच. १९७०च्या आसपास आलेला टेक्निक्स एसपी-१० हा त्यांचा मूळपुरुष. एक पंथ पत्करावा आणि उरलेल्या दोघांची कीव करावी. हे ऐच्छिक नाही.

३०१ घेतला म्हणजे टर्नटेबल आला, असं समजू नये. त्यात टोनआर्म नाही, पेटीही नाही. पेटीसाठी लोक प्लायवुडचे थर चिकटवतात, नाहीतर स्लेटचा दगड कापून घेतात. शिवाय सुरुवातीच्या ३०१च्या बेअरिंगला ग्रीस असे, नंतरच्यांना तेल. फरक ऐकू येतो का, असं विचारणाऱ्याला पुन्हा चहाला बोलावू नये.

नियम २ : वीज तपासावी. अमेरिकेतून भाच्याने आणलेल्या जुन्या यंत्राला ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, हा भ्रम आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. तिकडची पुली तशीच राहिली, तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ होतात आणि काळी एकची गायिका खालच्या काळी पाचला उतरते. योग्य पुली मिळेपर्यंत पाहुण्यांना हा अतिविलंबित आहे, असं सांगावं.

नियम ३ : तानपुरा ऐकावा. विक्रेता हमखास जोरकस तबल्याची रेकॉर्ड लावतो. ठेक्याच्या दणक्यात वेगातली चुळबुळ लपते. आपण आलापाची रेकॉर्ड बरोबर न्यावी. मागचा तानपुरा डुलू लागला, तर यंत्राला नमस्कार करावा. रबरी चाकाचं असेल, तर चाकावर एकाच जागी खळगा पडलाय का पाहावं. खळगा असला की प्रत्येक फेरीला ठोका ऐकू येतो. पट्टा सैल असेल तर तोंड वाकडं करून भाव पाडावा; नवा स्वस्तात मिळतो. आलाप रंगू लागताच सुई उचलावी. गायिका काय गातेय, हा परीक्षेचा भाग नाही.

नियम ४ : पत्रिका जुळवावी. टोनआर्मचं परिणामी वस्तुमान आणि कार्ट्रिजच्या सुईची लवचीकता यांचा अनुनाद ८ ते १२ हर्ट्झमध्ये बसला पाहिजे. खाली गेला, तर वाकलेली रेकॉर्ड आणि घरातल्यांची पावलं त्रास देतात. फार वर गेला, तर तो संगीतातच शिरतो. डेनॉनच्या डीएल-१०३सारखी ताठ सुई हलक्या आर्मच्या गळ्यात बांधू नये.

आर्म जुना एसएमई ३००९ असेल, तर मागचं वजन सरकवून तो अधांतरी समतोल करावा आणि हलकेच फुंकर मारावी. कुठेही न अडखळता तो सरकला पाहिजे. मागच्या दांड्याचं रबर थकलेलं असलं, तर वजन खाली झुकतं. नायलॉनच्या दोऱ्याला लटकणारं चिमुकलं वजन बहुधा हरवलेलंच असतं. त्याची चौकशी अवश्य करावी, विक्रेता नरमतो.

नियम ५ : सुई शून्य रुपयांची धरावी. ‘फारशी वाजलेली नाही’ हे वाक्य प्रत्येक सुईबरोबर फुकट मिळतं. झिजलेला हिरा रेकॉर्डच्या खाचा खरवडतो. नव्या सुईचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

नियम ६ : अंतिम चाचणी. यंत्र स्पिरिट लेव्हलने सपाट करावं, सुईचा कोन केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर जुळवावा आणि एलपीची एक पूर्ण बाजू ऐकावी. त्या वीसेक मिनिटांत वजन, कोन, अनुनाद यांतलं काहीही न आठवता बाजू संपली, तर साधना भंगली असं समजावं. प्रायश्चित्त म्हणून दुसरा टोनआर्म शोधायला लागावं. पेटी थोडी मोठी करून घेतली, की ३०१वर दोन मावतात.