विचारून सांगतो

आमच्या लेकीचा फोन येतो तेव्हा तिकडं रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि इकडं मी गंगावेशीतल्या कट्ट्यावरून म्हशीचं दूध घेऊन नुकताच घरात शिरलेला असतो. “पप्पा, मी जेवलो,” हे तिचं पहिलं वाक्य. अमेरिकेत जाऊन तीन वर्षं झाली, तरी ती जेवलो, आलो, झोपतो असंच म्हणते. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात. पुण्याचे पाहुणे हे ऐकून दचकतात. आम्हाला मात्र पोरगी ‘जेवले’ म्हणाली, तर हिला ताप तर नाही ना, अशी शंका येते.

परवा जेवणाचा विषय लवकर आटोपला. “पप्पा, युनिव्हर्सिटीचा मेल आलाय. माझं नाव, पत्ता, फोन नंबर, कुठल्या डिपार्टमेंटला काम करतो, ते सगळं युनियनला द्यायचंय म्हणं. चालेल का, असं विचारल्यात.”

“कुणाला विचारल्यात?”

“मला.”

“तुझाच नंबर द्यायला तुलाच विचारल्यात?”

“मग काय तुम्हाला विचारणार?”

मी गप्प बसलो. गप्प बसायला कारण होतं. त्या क्षणी माझ्या शर्टाच्या खिशात तिच्या बायोडाटाच्या सहा झेरॉक्स होत्या. नाव, जन्मवेळ, उंची, रक्तगट, मामाचं गाव, ती तिकडं काय शिकते, तिला महिन्याला किती डॉलर मिळतात, आणि त्याचे रुपये किती होतात, तेही कंसात. आतापर्यंत अशा वीसेक प्रती मी वाटल्या होत्या. एक पाव्हण्यांना, दोन वधू-वर मेळाव्यात, एक केस कापायला गेलो तिथं आणि एक तर एस.टी.त शेजारी बसलेल्या सद्‌गृहस्थांना, ते चांगले वाटले म्हणून. यांतल्या एकाही प्रतीसाठी मी कुणाला ‘चालेल का’ असं विचारलेलं नव्हतं.

आमच्या गावात माहिती मागावी लागत नाही, ती आपणहून चालत येते. रिक्षात बसलात की मीटरच्या आधी प्रश्न पडतो, “कुठल्या पेठेतलं?” पेठ सांगितली की तालीम. तालीम सांगितली की “मग अमक्याचं कोण तुम्ही?” उतरेपर्यंत तुमची तीन पिढ्यांची हकीकत रिक्षावाल्याकडं जमा झालेली असते आणि त्याची तुमच्याकडं. यात हेरगिरी नाही. दुपारी तुम्हाला चक्कर आली तर तुम्हाला कुठं पोचवायचं, हे त्याला आता ठाऊक असतं.

तर लेकीची अडचण अशी. ती पीएच.डी. करते आणि त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते, त्यांचे पेपर तपासते. तिकडच्या १९७४ च्या एका कायद्यानं, काही अपवाद सोडले तर, विद्यार्थ्याचे कागद त्याच्या लेखी संमतीशिवाय बाहेर जाऊ शकत नाहीत. आणि विद्यार्थी आहे म्हणूनच मिळालेलं काम असेल, तर त्या कामाचे कागदही त्याच कुलपात जातात. दुसरीकडं कामगार कायदा म्हणतो, ज्यांच्या वतीनं युनियन बोलणार, त्यांची नावं-पत्ते मालकानं युनियनला द्यावेत.

“म्हणजे सकाळी तू विद्यार्थिनी आणि दुपारी कामगार?”

“दोन्ही एकाच वेळी, पप्पा. भांडण तेच हाय.”

भांडण जुनं आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अशा शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी १९६६ सालीच संघटना बांधली. खासगी विद्यापीठांत मात्र ‘हे शिष्य की नोकर’ हा प्रश्न कधी इकडं, कधी तिकडं कलत राहिला. शेवटी २०१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात तिथल्या राष्ट्रीय कामगार मंडळानं, विद्यार्थी असले तरी हे कामगार आहेत, असा निकाल दिला. २०२२ च्या नोव्हेंबरात तर कॅलिफोर्निया विद्यापीठातले शिकवणारे विद्यार्थी आणि संशोधक मिळून ४८ हजार जण संपावर गेले होते. ४८ हजार! आमच्या दसरा चौकातून निघालेला मोर्चा मी डोळ्यांपुढं आणला. त्यातल्या प्रत्येकाच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिला आणि मग मला त्या संपाचा अंदाज आला.

शिकणारा आणि राबणारा एकाच अंगात असणं, हे आम्हाला नवीन नाही. ती तर आमच्या मातीतली गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. कोल्हापुरात शिकायला असताना ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहातल्या कार्यक्रमाला ते गेले आणि परतल्यावर अंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. पोरगा कुठं गेला होता, कुणाबरोबर बसला होता, ही माहिती तेव्हाही त्याच्या आधी खोलीवर पोचत होती! त्याच पोरानं १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हे शब्द खेड्यापाड्यांत नेले. शिवाजी विद्यापीठातही पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्यापासून ती परंपरा आहे.

मीही कमवा-शिकातलाच. कॉलेजच्या झाडांना पाणी घालायचो, सुट्टीत ग्रंथालयातली पुस्तकं झटकायचो. आमची सगळ्यांची मिळून एक वही होती. त्यात नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, काम, तास आणि शेवटच्या रकान्यात भाकरी किती. माझ्यापुढं ‘चार’ लिहिलेलं असे, आणि ते मला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं जाई. चंदगडकडचा एक पोरगा तापानं फणफणला तेव्हा त्या वहीतलाच मुक्काम पोस्ट बघून शेजारच्या गावचा दुसरा पोरगा रात्रीच्या एस.टी.नं निरोप घेऊन गेला. सकाळी त्याची आई दारात उभी होती.

याच माहितीनं माझं एक लग्नही मोडलं. आमच्या खोलीतल्या एकानं गावच्या जत्रेत अभिमानानं सांगितलं, “आमचा दोस्त कालेजात झाडांना पाणी घालतोय.” ते ऐकणाऱ्यांत माझे होणारे सासरे होते. पोरगं माळी हाय म्हणून त्यांनी सुपारी परत पाठवली. पुढं जे सासरे झाले, त्यांनाही तेच कळलं होतं. ते म्हणाले, “पाणी घालतोय म्हंजे राबतोय तरी.” माहिती तीच, कान वेगळे.

हे सगळं मी लेकीला ऐकवलं. म्हटलं, “देऊन टाक की नंबर. युनियन म्हणजे आपलीच माणसं.”

“देणारच हाय. पण युनियनला माझा नंबर कशाला लागतोय, सांगा बघू?”

मला माझे चुलते आठवले. तात्या शाहू मिलमध्ये होते. १९०६ साली शाहू महाराजांनी उभी केलेली ती मिल. भोंगा झाला की सगळे कामगार एकाच गेटातून बाहेर पडायचे. युनियनच्या पुढाऱ्याला ना नंबर लागे, ना पत्ता. पगाराच्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन गेटावर उभं राहिलं की झालं. कोण आलं, कोण आलं नाही, कोण खांदे पाडून चाललंय, सगळं एका नजरेत. तात्या तीन दिवस कामावर दिसले नाहीत, तर चौथ्या दिवशी कुणीतरी दारात यायचं.

“तुमच्याकडं गेट कुठं आहे?” मी विचारलं.

“तेच तर! गेटच न्हाई. मी तिसऱ्या मजल्यावर, एक पोरगी तळघरातल्या लॅबमध्ये, एक घरात बसून पेपर तपासतोय. एकाचा पगार अडकला तर दुसऱ्याला कळतच न्हाई. त्याला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं.”

गेट नाही म्हणून यादी. हे एवढं सोपं होतं. भोंगा झाल्यावर जे आपोआप व्हायचं, ते आता नावा-नंबरांच्या एका कागदानं करायचं. आमच्याकडंही ‘सारथी’, ‘बार्टी’, ‘महाज्योती’ या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक पोरं आंदोलनाला बसली, तेव्हा ती काही एका वर्गातून उठून आली नव्हती. कुणी इतिहासाचं, कुणी रसायनशास्त्राचं, कुणी गावाकडं बसून प्रबंध लिहिणारं. त्यांचं गेट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. तिथं आधी नंबर जमले, मग माणसं.

“मग एवढं कळतंय तर विचारात कशाला पडलीस?”

“पडलो न्हाई. फॉर्म भरायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हटलं. नाव, डिपार्टमेंट, मेल, फोन दिला. घरचा पत्ता तेवढा न्हाई दिला.”

“का? येऊ देत की माणसं घरी.”

“रूममेट हाय, पप्पा. तिचंबी घर हाय ते. तिला विचारायला लागेल.”

मी पुन्हा गप्प. अर्ध्या घराचं भाडं देणाऱ्या एका अनोळखी पोरीला विचारल्याशिवाय माझी लेक आपलाच पत्ता देत नव्हती. आणि मी तिच्या पगाराचे रुपये करून कंसात टाकले होते. माहिती दिल्यानं काही बिघडत नाही, हे माझं मत अजून कायम आहे. भाकरीचा आकडा वाचून दाखवणाऱ्या त्या वहीनंच आम्हाला एकमेकांची माणसं केलं. पण त्या वहीत माझा मुक्काम पोस्ट मी माझ्या हातानं लिहिला होता. जत्रेत जे सांगितलं गेलं, ते माझ्या हातचं नव्हतं. एवढासाच फरक, पण चाळीस वर्षांत तो मला दिसला नव्हता.

फोन ठेवल्यावर त्या सहा झेरॉक्स मी खिशातून काढल्या आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर, जुन्या पंचांगात घालून ठेवल्या. बायको म्हणाली, “काय झालं?” म्हटलं, “काही नाही. तिला विचारून मग देऊ.” तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच ‘जेवले’ म्हणालोय.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या कट्ट्यावर नेहमीचे अण्णा भेटले. म्हैस पान्हवायची होती, वेळ होता. अण्णांनी पेला हातात घेऊन नेहमीच्या मायेनं विचारलं, “पोरगी बरी हाय न्हवं? आता किती पडत्यात महिन्याला?”

तोंडावर आलेला आकडा मी गिळला. म्हटलं, “विचारून सांगतो.”

अण्णांचा पेला हवेतच राहिला. धार काढणाऱ्यानंही एकदा मान वर करून बघितली. त्या कट्ट्यावर हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नसावं. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून, काळजी करू नका, असं काहीतरी पुटपुटले.

संध्याकाळी बायको भाजी घेऊन आली ती पिशवी आपटतच. “आवं, पोरीचं आणि तुमचं काही वाजलंय का? सगळी पेठ म्हणतीय, बापाला लेकीचा पगारबी म्हाईत न्हाई.”