गाळणेगुरुजी

‘पहिल्यापासून पाहू नका’ हे ज्याचं पहिलं वाक्य असतं, त्या माणसाला मी गाळणेगुरुजी म्हणतो. हा प्राणी सगळीकडे सापडतो. पुण्यात तो कादंबरीची पहिली साठ पानं सोडायला सांगतो, नागपुरात सावजीकडे जाऊन काय मागवायचं नाही ते सांगतो. रामाकोन्यातला नमुना जरा वरच्या प्रतीचा आहे, कारण तो अंतराळात वावरतो. त्याचा विषय ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका.

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सावनेर जातं, सौंसर जातं आणि सातपुड्याची चढण लागायच्या आधी कन्हान नदीजवळ रामाकोना येतं. संत्र्याचा आणि कापसाचा मुलूख. घरात मराठी, कचेरीत हिंदी. राज्य मध्य प्रदेश. जिल्हा 2023 पर्यंत छिंदवाडा, आता पांढुर्णा. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा तोवर याच राज्याची राजधानी असलेलं नागपूर पलीकडे गेलं आणि सौंसर-पांढुर्णा अलीकडे राहिलं. गुरुजी यावर एवढंच म्हणतात, ‘‘मराठीची मालिका लावली, अन् आपला एपिसोड सोडून देल्ला लेकाहो.’’

गुरुजी निवृत्त शिक्षक. विषय विज्ञान, गणिताचे सर रजेवर असले की गणितही. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं तेव्हा आळीत टीव्ही दोन. त्यातला एक ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओसरीवर गुरुजी पुढच्या रांगेत बसत आणि कॅप्टन कर्कच्या इंग्रजीचं चालता बोलता वऱ्हाडी करत. ‘‘तो म्हनते, का आपल्याजवळ टाइम नाई. हा कानवाला म्हनते, का हे लॉजिकमंदी बसत नाई.’’ कर्कच्या जोडीदाराला, टोकदार कानांच्या स्पॉकला, गावात ‘कानवाला’ हेच नाव पडलं. पुढे ‘इंद्रधनुष’ आलं, ‘स्पेस सिटी सिग्मा’ आलं, 1998 मध्ये केतन मेहतांचं ‘कॅप्टन व्योम’ आलं, मिलिंद सोमण तुरुंगातून पळालेले गुन्हेगार ग्रहाग्रहांवर हुडकत फिरला. गुरुजींनी सगळ्यांना तपासलं आणि कानवाल्याकडे परत आले.

त्या काळी कोणता भाग पाहायचा आणि कोणता नाही, हे वीज ठरवायची. गुरुजींच्या आयुष्यातला पहिला गाळलेला भाग तिनंच गाळला, तोही अर्ध्यावर. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा तो भाग. ट्रिबल म्हणजे लोकरीच्या गुंड्यासारखा, कुरवाळला की गुरगुरणारा गोंडस जीव. काम दोनच: खाणं आणि पिल्लं घालणं. ते जीव अंतराळतळावरच्या धान्याच्या कोठारात शिरतात, कर्क कोठाराचं दार उघडतो आणि त्याच्या डोक्यावर ट्रिबलांची रास कोसळते. नेमकी तिथे वीज गेली. सोमवारी वर्गात पोरांनी विचारलं, ‘‘गुरुजी, मंग काय झालं?’’ ठाऊक नाही म्हणणं हा गुरुजींच्या सेवाशर्तींचा भंग झाला असता. त्यांनी सांगितलं, कानवाल्यानं मुंगूस आणलं.

पुढे नागपुरात बर्डीवर सीड्या मिळायला लागल्या तेव्हा खरा शेवट कळला. जहाजाचा इंजिनियर सगळे ट्रिबल शत्रूच्या जहाजात पाठवून देतो. गुरुजींनी हा शेवट जाहीर केला, पण उशीर झाला होता. त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी आज पन्नाशीला आलेत, नातवंडांना गोष्ट सांगतात आणि त्या गोष्टीत मुंगूसच येतं. मलाही, खरं सांगायचं तर, मुंगूसच पटतं.

आता त्यांच्या यादीकडे येऊ. मूळ ‘स्टार ट्रेक’ 8 सप्टेंबर 1966 ला अमेरिकेत सुरू झालं आणि 3 जून 1969 ला, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या जेमतेम दीड महिना आधी संपलं. भाग 79. जवळजवळ 66 तासांचा ऐवज. न झोपता, न जेवता पाहिला तरी पावणेतीन दिवस. आजच्या पोरांजवळ एवढा वेळ नाही, म्हणून यादी लागते. आणि यादी गुरुजींजवळ आहे. शाळेतून निघताना एक कोरं हजेरी रजिस्टर त्यांच्यासोबत निघून आलं. त्यात 79 भाग अनुक्रमांकानं लावलेत. पुढे ‘हजर’ म्हणजे पाहावा, ‘गैरहजर’ म्हणजे सोडावा, आणि जिथे मन होत नाही तिथे लाल शाईनं ‘वर ढकलला’. शेवटच्या रकान्यात शेरा.

हे शेरे वाचण्यासारखे आहेत. पहिला भाग ‘द मॅन ट्रॅप’, त्यात माणसाच्या अंगातलं मीठ शोषणारा जीव बाईचं रूप घेऊन येतो. शेरा: ‘चांगला. जेवताना पाहू नये.’ ‘स्पेस सीड’मध्ये खान नूनियन सिंग येतो. हा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं कथेतच म्हटलंय. काम केलंय मेक्सिकोच्या रिकार्डो मोंतालबाननं. शेरा: ‘सरदारजी उत्तम, पगडी घरी राहिली.’ ‘द डेव्हिल इन द डार्क’मध्ये खाणकामगारांना मारणारा दगडी राक्षस शेवटी आपली अंडी राखणारी आई निघते. ‘परासियाच्या कोळसा खाणीवाल्यांना सक्तीचा.’ ‘अमोक टाइम’ हा कानवाल्याच्या लग्नाचा. नवरी ऐन मांडवात नवऱ्याला मोडता घालते आणि त्याला जिवलग मित्राशीच झुंजायला लावते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा विरुद्ध सावरगाव अशी गोटमार होते. तिच्या मुळाशीही पळवून नेलेल्या मुलीचीच कथा सांगतात. गुरुजींचा शेरा: ‘गोटमारीची परग्रह शाखा. हजर.’ आणि ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ या भागापुढे शेरा नाही. रकान्यात शाईचा एक फुगलेला डाग आहे. त्याबद्दल विचारलं तर गुरुजी म्हणतात, पेन गळत होता.

भानगड क्रमापासूनच आहे. पहिला बनवलेला नमुना-भाग ‘द केज’ वाहिनीनं नापास केला. मग दुसरा बनवला, तो पास झाला, पण दाखवला तिसऱ्या क्रमांकावर. त्यात डॉक्टर निराळा, कपडे निराळे. नापास झालेल्या भागाचं चित्रीकरण वाया जाऊ नये म्हणून पुढे ‘द मेनॅजरी’ नावाच्या जोडभागात ते वापरून टाकलं. म्हणजे ‘द केज’ सोडला तरी तो मागच्या दारानं येतोच. गुरुजींनी हे रजिस्टरमध्ये ‘पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण’ असं नोंदवलंय. तिसऱ्या वर्षाबद्दल त्यांचं मत कडक आहे. दुसऱ्या वर्षानंतर मालिका बंद पडणार अशी चिन्हं दिसताच प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला. वाहिनी नमली. वर्ष मिळालं, पण पैसा कमी आणि वेळ शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे ज्या पोरांनी पत्रं लिहिली ती घराबाहेर. सगळ्यात भिकार भाग याच वर्षातले. ‘‘अर्ज मंजूर झाला का असंच होते बाबू. आपन रेल्वेची मोठी लाइन मांगतली, मंग 2015 ला छोटी गाडी गेली. तिच्यासाठी कोन रडलं? मांगनारेच.’’

गेल्या दिवाळीत शेजारचा पोरगा नागपूरहून आला. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अंगणात येऊन म्हणाला, ‘‘गुरुजी, स्टार ट्रेक पाहाचं होतं. पाच-सात एपिसोड सांगा ना, मस्तवाले.’’

गुरुजींनी आधी खुर्ची दिली. मग पाणी दिलं. मग रजिस्टर काढलं. पोरानं मोबाईल काढला, नोंद करायला. पाच-सातचे दहा झाले, दहाचे बावीस झाले. बावीसनंतर गुरुजींनी सावधगिरी म्हणून ‘हे पाहू नको’ची यादी सुरू केली, आणि इथे त्यांची खरी कळी खुलली.

‘‘स्पॉक्स ब्रेन. हा पाहूच नको. तिसऱ्या सालाचा पयला. सांगून ठेवतो, पाहाशीन तर पस्तावशीन.’’

‘‘नाही पाहत.’’

‘‘पाहू नकोच. पन काहून नाई पाहाचा, हे तं आयकून घे.’’

मग गुरुजी उठले. एक बाई जहाजावर येते, सगळ्यांना झोपवते आणि कानवाल्याचा मेंदू काढून नेते. डोक्याला ओरखडा नाही, केस जागच्या जागी. गुरुजींनी स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून दाखवला. आता डॉक्टर काय करतो, तर बिनमेंदूच्या कानवाल्याला रिमोटवर चालवतो. गुरुजींनी घरातला सेटटॉप बॉक्सचा रिमोट आणला, पोराच्या हातात दिला आणि अंगणात तुळशीपासून मोटरसायकलपर्यंत ताठ, बिनमेंदूचे चालत गेले. ‘‘दाब ना बटन! वळव मले!’’ पोरानं बटण दाबलं. गुरुजी वळले. आतून टीव्हीचा आवाज एकदम वाढला आणि काकू, म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवती, ओरडल्या, ‘‘कोनं लावलं थे?’’

पुढे मुख्य आक्षेप आला. त्या ग्रहावर ज्ञान मिळवायचं तर एक टोप डोक्यावर चढवायचा. त्या यंत्राचं नाव ‘टीचर’. टोप घातला की शस्त्रक्रियाही येते, पण सुमारे तीन तासांनी सगळं पुसलं जातं. डॉक्टरचं ज्ञान ऐन शस्त्रक्रियेत उतरायला लागतं आणि मेंदू बसवताना पेशंटलाच डॉक्टरला सांगावं लागतं, आता हे जोडा, ते जोडा. ‘‘तीन घंटे!’’ गुरुजी कडाडले. ‘‘बत्तीस साल नौकरी केली मी. पोट्टे बी तीन घंट्यातच विसरत होते, पेपर सुटला का सफाचट. पन त्यायले टोप नोता घातला कोनं, मी शिकोलं होतं!’’ एवढा अपमान शिक्षकी पेशाचा कोणी केला नाही, म्हणून हा भाग नापास. पालकांना घेऊन यावे.

पोरगा निघेपर्यंत दिवे लागले होते. जाताना त्याच्या यादीत एकसष्ट भाग होते. रात्री त्याच्या खोलीतून कसला आवाज येत होता ते भिंतीला भिंत लागून असल्यानं मला कळलं: बाई जहाजावर आली होती आणि कानवाला आडवा होता.

माझं यावर स्पष्ट मत आहे. गुरुजींना चांगल्या भागांबद्दल बोलायला दोन वाक्यं पुरतात. वाईट भागानं मात्र त्यांना आयुष्यभराचा विषय दिलाय. तो त्यांनी निदान सात वेळा पाहिला असावा, नाहीतर केस जागच्या जागी असल्याचं एवढं लक्षात कोण ठेवतं? लंडनच्या बीबीसीनं ‘डॉक्टर हू’चे जुने भाग टेपा वाचवायला पुसून टाकले. आज जगभरचे भक्त ते हुडकतात, आणि हरवलेला भाग चांगला होता का, हे कोणी विचारत नाही. गुरुजींसमोर ही गोष्ट काढली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘एखादा मुंगूसवाला बी असन त्याच्यात.’’

घरात निवडून पाहण्याची कला खरी अवगत आहे ती काकूंना. त्यांना रजिस्टर लागत नाही. त्या शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज वाचतात, अडचणीच्या दिवसांत गुरुचरित्राचा चौदावा. हे अध्याय वेगळे काढून वाचायचे, ही वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली; कोण्या गाळणेगुरुजीनं ती पाडली ते कोणाला ठाऊक नाही, पण माणूस तालेवार असला पाहिजे. श्रीगजाननविजयाचं मात्र निराळं. ते 21 अध्याय काकू गुरुपुष्याला एका आसनावर बसून संपवतात, मधे उठणं नाही. गुरुजी म्हणतात, हे तर पोट्ट्यांचं बिंज-वॉचिंग. काकू म्हणतात, पोट्टे सोवळ्यात बसतात काय?

एकदा गुरुजींनी त्यांनाच विचारलं, ‘‘अवं, तू सोडून सोडून वाचतं, मंग राह्यलेल्यायचं काय?’’

‘‘राह्यलेले पारायनाले वाचतो ना. सोडून द्याले पयले सारं ठाऊक पाह्यजे मानसाले.’’

गुरुजींनी हे वाक्य रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. खाली सही स्वतःची.

तुम्हाला खरंच पाहायचं असेल आणि रामाकोन्याला जाणं होत नसेल, तर त्या एकसष्टांतून मी काढलेले पाच देतो: ‘बॅलन्स ऑफ टेरर’, ‘द डेव्हिल इन द डार्क’, ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’, ‘अमोक टाइम’, ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’. ‘स्पॉक्स ब्रेन’ पाहू नका. आणि पाहिलाच, तर रिमोट मुलांच्या हाती देऊ नका.