सध्या

कारखानिसांना तुम्ही ओळखता. पूर्वी त्यांच्या काखेत पंचांकी ऐतिहासिक नाटकाचे बाड असे आणि ते ऐकवण्यासाठी ते तुम्हांला जिन्यात गाठीत. आता बाडाच्या जागी लॅपटॉप आला आहे, जिना तोच आहे. आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांचे खरे आडनाव निराळे. परंतु संगणक-कंपनीतली भरपगारी चाकरी सोडून ज्या दिवशी त्यांनी गडावरच्या कोठारांचा व्हिडिओ गेम रचावयास घेतला, त्या दिवसापासून, दाणागोटा नि दारूगोळा सांभाळणाऱ्या शिवकालीन अंमलदाराच्या हुद्द्यावरून मी त्यांचे हे नामकरण केले, आणि त्यांनी ते पदवीदान समजून स्वीकारले.

या खेळात लढाई नाही. पावसाळ्यापूर्वी कोठारे शाकारून घ्यावीत, टाक्यांतले पाणी मोजावे, नाचणीला कीड लागली की काय ते पाहावे, आणि खाली गनिमाचा वेढा पडलेला असताना मीठ किती दिवस पुरेल याची बेरीज-वजाबाकी करीत पंधरवड्यामागून पंधरवडे काढावेत, एवढाच काय तो पराक्रम. त्यांतला सर्वांत बिकट डाव जिंजीचा. कारण तो वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत रेंगाळला, आणि पंधरवड्याला एक खेळी धरली तरी पावणेदोनशे खेळ्या होतात. "लढाई कधी सुरू होते?" असे मी एकदा भीत भीत विचारले. "लढाई सुरू झाली की खेळ संपतो, काका," ते म्हणाले, आणि मी गाभाऱ्यात चपला घालून शिरलो असावा अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, आधी पाणी पाहावे आणि मग गड बांधावा, असे बजावून ठेवले आहे. कारखानिसांनी गड आधी बांधला आणि गिऱ्हाईक पाहावयाचे राहून गेले.

पैसे मोजून तास न् तास डोके शिणवून घेणारे गिऱ्हाईक विलायतेत, तस्मात् प्रकाशकही तिकडचाच हवा, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे त्यांचा भूगोलच पालटला. स्टॉकहोम म्हणजे पॅरडॉक्स, ज्यांच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस'मध्ये मराठ्यांचे राज्यही उभारता येते. डॅलस म्हणजे हूडेड हॉर्स. आणि ज्या एप्समच्या नावाने आमच्या पिढीला केवळ रेचकाचे मीठ आठवते, ते एप्सम म्हणजे युद्धखेळांचे प्रकाशक स्लिदरिन.

दूरदूरच्या प्रकाशकांकडे खलिते रवाना झाले. कोणाचा कोठून जबाब आला ते सांगणे प्रशस्त नव्हे. पण पहिल्या जबाबात, हा खेळ आमच्या सध्याच्या यादीत बसत नाही, असे होते. मी सांत्वनाचे शब्द जुळवीत असता कारखानीस उजळलेल्या मुद्रेने म्हणाले, "नकार नाही, काका. 'सध्याच्या' म्हटलंय!" दुसऱ्याने सध्या नवे काम घेत नसल्याचे कळवले, त्या दिवशी पेढे आले. तिसऱ्या पत्रात 'सध्या' कोठेच नव्हते, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते पत्र यंत्राने परस्पर धाडल्याचे ध्यानात येताच, यंत्राला काळाचे भान नसते असा निर्वाळा देऊन त्यांनी श्रीखंड आणले. पत्रांच्या छापील प्रती त्यांनी पेशवे दफ्तराच्या थाटात लाल रुमालात बांधल्या असून रुमालावर 'सध्या' अशी चिठ्ठी आहे. पुढे हा शब्द इमारतभर फैलावला. देखभालखर्चाची थकबाकी मागावयास गेलेल्या चिटणिसांना "सध्या जमणार नाही" असे ऐकवले गेले, तेव्हा "म्हणजे नकार नाही ना?" असे विचारून ते आशेने परतले. बँकेत नोकरी करून हा गड लढवणाऱ्या वहिनी तर ताट वाढताना "सध्या पिठलं आहे," एवढेच म्हणतात.

हिशेबात मात्र कारखानीस पक्के. स्टीम नावाच्या विलायती पेठेत १०० डॉलर भरून खेळ मांडता येतो आणि विक्रीतले ३० टक्के पेठवाला घेतो. "चौथाई पंचवीस, वर सरदेशमुखी दहा, म्हणजे आपल्यापेक्षा पाच टक्क्यांनी सौम्यच," असा त्यांनी हवाला दिला. विक्री एक कोटी डॉलरांपलीकडे गेली, की पुढच्या रकमेवर हा वाटा २५ टक्क्यांवर येतो. "म्हणजे निव्वळ चौथाई!" हे सांगताना त्यांचा कंठ दाटला. तोवर एकही प्रत विकलेली नव्हती.

एका रात्री एका प्रकाशकाशी पडद्यावर मुलाखत झाली. हा खेळ खेळताना माणसाला आपण कोण झालो असे वाटावे, अशी पृच्छा पलीकडून आली. सेनापती, सम्राट, असे काही तरी त्यांना अपेक्षित असावे. कारखानीस क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "कारकून."

आणि अघटित घडले. करारनाम्याचा मसुदा आला. मुद्रांक कचेरीत माझी चौतीस वर्षे गेलेली असल्यामुळे तो मजकडे वाचावयास आला. उचल टप्प्याटप्प्याने मिळावयाची, विक्रीतून ती आधी फिटावयाची, मग उरल्यासुरल्याची वाटणी. येथवर सर्व रिवाजास धरून होते. पुढल्या कलमात, दर पंधरवड्यास एक घोडदौड घालावी, हत्ती आणावेत, आणि मिठाचा हिशेब काढून टाकावा, असे होते. कलमाचा अर्थ लागावा म्हणून मी प्रथमच खेळ उघडला. पहाटे तीन वाजता तो मिटला तेव्हा मी चार टाकी उपसली होती, एक कोठार पावसात गमावले होते, आणि खाली तोफा डागल्या जात असता वर, दिव्याच्या उजेडात, वही घेऊन बसलेला तो इवलासा माणूस गड राखून होता. कचेरीतल्या चौतीस वर्षांत मजपाशी असे कोणी बोलले नव्हते.

सकाळी, मीठ काढू नका, हे सांगावयास मी वर गेलो. उत्तर केव्हाच रवाना झाले होते.

"काय लिहिलंत?"

"आपल्या अटी आमच्या सध्याच्या खेळात बसत नाहीत."

वहिनी कामावर निघाल्या होत्या. दारात थबकून त्यांनी दोघांकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि डबा घेऊन जिना उतरल्या. कारखानीस रुमालाची गाठ सोडीत होते.

माझ्या जिंजीत सध्या सतरा दिवसांचे मीठ शिल्लक आहे.