दारव्हा रोडवरचा बॅले-पालक

नृत्यपालक ही जमात आता यवतमाळातही रुजली म्हणायची. पोरगी अजून चवड्यांवर उभं राहायला शिकतेय, पण लंडनच्या रॉयल बॅलेत बढती कोणाला मिळाली, मॉस्कोचं बोल्शॉय कोण सोडून गेलं, हे बापाला तोंडपाठ. ‘स्वान लेक’च्या तिसऱ्या अंकातल्या ३२ गिरक्या तो जिनिंगमधल्या गाठी मोजाव्या तशा मोजतो; एकतिसाव्या गिरकीला कोणी डगमगलं की रात्रीचं जेवण कडू.

मुंबईत तुश्ना डल्लास यांनी १९६६ सालीच बॅलेची शाळा काढली, हे त्याच्या गावीही नाही. नवी मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. ते याला कळलं २०२० साली, ‘ये बॅले’ सिनेमा आल्यावर. (आपलं माणूस पडद्यावर आल्याशिवाय आपल्याला दिसत नाही, ही खोड जुनीच.)

आणि पोरगी ज्या क्लासमध्ये उड्या मारते, तिथे सिमेंटवर बसवलेली कडक फरशी! बॅलेला खाली किंचित लवणारा लाकडी तळ लागतो, नाहीतर नडग्या आणि गुडघे बोलू लागतात.

तर भाऊ, बोल्शॉयच्या बढत्या बोल्शॉयवाले पाहून घेतील. तुम्ही आधी सुतार बोलवा.