खवाटा मोडलाय? पेशंट बघायला जाणाऱ्यांसाठी पहिला धडा

सोलापुरात पेशंट बघायला जाताना निदान घरूनच ठरवून निघावं. एक्स-रे बघितला की उगाच गोंधळ होतो. आज खवाटा घेऊ, म्हणजे खांद्यामागचं ते पसरट हाड.

सुरुवातीलाच ठणकावून सांगा, "खवाटा असा मोडतच नाही की ओ!" हे जवळपास खरं आहे. 100 फ्रॅक्चरांत खवाट्याचं एकही धड भरत नाही. 17 स्नायू त्याला धरून असतात, खाली बरगड्यांचा पिंजरा. तो मोडायला दणकाही तसाच लागतो. रात्रीचा हैदराबाद रोड, दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली, आणि मागून भरधाव मोटारसायकल. म्हणून तर डॉक्टर खांदा बाजूला ठेवून आधी बरगड्या, छातीत शिरलेली हवा, डोकं, मान, हाताच्या नसा तपासतात. तुम्ही मात्र विचाराच, "खांदा दुखतोय त्याचा, छाती काय बघताय?"

आता वर्गीकरण. डॉक्टर बघतात कुठं मोडलंय: पसरट भागात, खवाट्याच्याच मानेत, खांद्याच्या टोकाला, पुढच्या चोचीत, की दंडाचा गोळा फिरतो त्या वाटीत. एकट्या वाटीचेच आयडेबर्गनं 5 प्रकार पाडले, पुढं गॉसनं सहावा जोडला; सहावा म्हणजे पार चुरा. एवढं पाठ करायची गरज नाही. आपल्याकडं दोनच प्रकार चालतात: "फ्रॅक्चर नाही, नुसता क्रॅक आहे" आणि "गेला हात."

उपचारात मात्र तुमचा कस लागतो, कारण बहुतेक वेळा उपचार दिसतच नाहीत. पसरट भाग मोडला तर गळ्यात आर्म पाऊच, दुखण्याच्या गोळ्या, बस्स. भोवती मांस आणि रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळं साधारण 6 आठवड्यांत हाड आपोआप जुळतं. प्लास्टर नाही, रॉड नाही! इथं नातेवाइकांचा धीर सुटतो. ही संधी सोडू नका. "प्लेट टाका म्हणावं, खर्चाचं बघू." प्लेट लागते ती वाटीत 4-5 मिलिमीटरची पायरी पडली तर, मान फारच कलली तर, किंवा मानेसोबत हासळीही मोडून खांदा अधांतरी झाला तर, तेही सीटी स्कॅन बघून. हा तपशील पेशंटच्या आईला सांगू नये, तुमचा मुद्दा पडतो.

नंतर गावाकडचा हाड बसवणारा सुचवा. तो तेल लावून असा चोळतो, की जागेवर असलेलं हाडही हलावं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. दोन-तीन आठवड्यांनी दुखणं उतरलं की फिजिओथेरपीवाले पेशंटला कमरेत वाकवून हात लोंबता सोडायला लावतात आणि हळूहळू गोल फिरवायला सांगतात. हे दिसताच ओरडा, "अरे, हलवू नको! जुळू दे आधी!" पोरगं घाबरून हात पाऊचमध्येच ठेवील, खांदा जाम होईल, आणि चौथ्या महिन्यात त्याला केसांवरून कंगवासुद्धा फिरवता येणार नाही. तेव्हा परत जा आणि म्हणा, "मी तवाच म्हणलो होतो, प्लेट टाका म्हणून."