विरारहून अलिबागेस

मराठीत 'दीर्घ' हे विशेषण पूर्वी आयुष्य, द्वेष, उसासा आणि वेलांटी एवढ्यांच्याच वाट्याला येत असे. पुढे सरकारदरबारी नियोजनाची दप्तरे उघडली, त्या विशेषणाला 'कालीन' हे शेपूट फुटले, आणि 'दीर्घकालीन' या नावाचा जो नवा प्राणी जन्मास आला तो 'दीर्घसूत्री' या आपल्या जुन्या चुलतभावाहून नेमका कोठे वेगळा आहे, याचा छडा लावण्याची संधी आम्हांस परवा अनायासे लाभली. आमचे मेहुणे अलिबागेस असतात. त्यांच्या पंचाहत्तरीची शांत होती, आणि 'तू विरारला राहतोस की विलायतेत?' असा ताईचा फोनवरून सवाल आल्यामुळे न जाण्याची सोय उरली नव्हती.

विरार आणि अलिबाग ही दोन गावे कागदावर फार पूर्वीच जोडली गेली आहेत. मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतुकीचा जो सर्वंकष अभ्यास 2008 साली पुरा झाला, त्यात मुंबईला बाहेरून वळसा घालून, वसई, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, पनवेल, उरण, पेण असे तालुके ओवीत अलिबागेपर्यंत जाणाऱ्या एका भव्य मार्गाची कल्पना आहे. लांबी सुमारे 126 किलोमीटर, रुंदी जवळजवळ शंभर मीटर, मोटारींना वेगळ्या मार्गिका, बसगाड्यांना वेगळ्या, आणि मध्यभागी भावी मेट्रोसाठी राखलेला पट्टा. पंगतीत न आलेल्या जावयाचा पाट मांडून ठेवावा, तसा. जवाहरलाल नेहरू बंदर, नवी मुंबईचा विमानतळ, आणि अहमदाबाद, आग्रा, पुणे व गोवा या दिशांना जाणारे महामार्ग हे सर्व या एका सूत्रात गुंफले जाणार असल्यामुळे इंग्रजीत त्यास 'मल्टिमोडल कॉरिडॉर' म्हणतात. मराठी नावाविषयी मात्र अद्याप एकमत नाही. कोणी 'बहुउद्देशीय मार्गिका' लिहितो, कोणी 'बहुपर्यायी'. आमच्या मते 'बहुउद्देशीय' हेच यथार्थ आहे. वाहने पुढेमागे येतील, उद्देशांची तूट पहिल्या दिवसापासून कधीच पडलेली नाही. 'मोडल' या शब्दाविषयी ज्यांच्या शेतांतून हा मार्ग जावयाचा आहे त्यांची समजूत निराळी आहे, पण ती यथास्थळी सांगू.

हा मार्ग अजून वाहतुकीस खुला झालेला नसल्यामुळे आम्ही नाइलाजाने प्रचलित मार्गाने गेलो. ज्या मुंबईला वळसा घालण्यासाठी हा सारा खटाटोप, तिच्या पोटातूनच आमचा प्रवास झाला. घरापासून स्थानकापर्यंत रिक्षा, ज्यात चौथा प्रवासी चालकाच्या अर्ध्या आसनावर एका पायाने बसला होता. विरारपासून चर्चगेटपर्यंत 60 किलोमीटर लोकलगाडी, ज्यात आम्ही दोन्ही पायांनी उभे होतो. चर्चगेटहून गेटवेपर्यंत टॅक्सी. गेटवेहून मांडव्यापर्यंत तासभर लाँच. आणि मांडव्याहून अलिबागेपर्यंत कोणी वीस किलोमीटर बस. लोहमार्ग, जलमार्ग आणि भूमार्ग हे तिन्ही मार्ग एका सकाळीत आम्ही वापरले. विमान तेवढे राहिले, तेही बंदरावर असताना डोक्यावरून गेले. या सर्वांची बेरीज सव्वाशे किलोमीटरच्या आतच भरते, म्हणजे नियोजित मार्गाहून ती अधिक नाही, उणीच आहे; आणि प्रवासाचे पर्याय मोजू लागल्यास त्यातही आम्ही मागे नाही. समुद्रपक्ष्यांना कुरमुरे टाकणाऱ्या सहप्रवाशांच्या गर्दीत उभे असताना आमच्या मनात असा विचार आला की बहुपर्यायी मार्ग म्हणून ज्याचा आराखडा दीड तप काढला जात आहे तो या प्रदेशातील सामान्य माणूस रोज पायाखाली घालीत असून, त्याला कोणी त्याबद्दल सल्लागाराचे मानधन देत नाही, एवढाच काय तो फरक.

मुंबईच्या बोलीत भोळसट माणसाला 'अलिबागहून आलास काय?' असे विचारण्याची जी चाल आहे तिच्याविरुद्ध एक अर्जदार उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि 2019 साली न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. आमच्या अल्पमतीप्रमाणे तो अर्ज चुकीच्या मुद्द्यावर केलेला होता. अलिबागहून येणारा माणूस भोळा नसतो. भोळा असतो तो सरळ रस्त्याने अलिबागेस जाऊ पाहणारा.

सरळ रस्ता नाही असे मात्र कोणी समजू नये, आणि येथेच आमचा खरा मुद्दा आहे. वसई रोडहून भिवंडीवरून दिवा, दिव्याहून तळोजावरून पनवेल, आणि पनवेलहून पेण ओलांडून रोह्याकडे जाणारा लोहमार्ग कित्येक दशके जमिनीवर प्रत्यक्ष पडलेला आहे. नव्या मार्गाच्या आराखड्यातील गावे आणि या जुन्या मार्गावरील स्थानके शेजारी शेजारी लिहून पाहिली, तर मुलीची पत्रिका आणि मुलाची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळावी तशी ती जुळतात. त्यावरून मालगाड्या अहोरात्र धावतात. माणसांसाठी ज्या गाड्या आहेत त्या बोटांवर मोजाव्या लागतात, आणि त्यातली एक चुकली की प्रवाशास फलाटावर बसून स्वतःच्या जीवनाचा दीर्घकालीन विचार करण्यास भरपूर अवकाश मिळतो. या मार्गावर लोकलगाड्या सुरू कराव्यात ही कल्पनाही नवी नाही. ती मुंबईच्या रेल्वेसुधारणेच्या याद्यांत शिरली, आणि निधीची मांडामांड बदलल्यावर तितक्याच शांतपणे बाहेर पडली.

आता कोणी विचारील की रूळ आहेत, तारा आहेत, स्थानके आहेत, माणसे तर आहेतच. मग दिवसाला चार गाड्या वाढवावयास काय हरकत आहे? या प्रश्नात प्रशासनशास्त्राचे अज्ञान आहे. चार गाड्या वाढविणे हे अल्पकालीन काम आहे, आणि अल्पकालीन कामास आपल्या राज्यव्यवस्थेत वाली नसतो. त्याचे भूमिपूजन करता येत नाही, कारण भूमी खणावयाची नसते. त्यास सल्लागार नेमता येत नाही, कारण वेळापत्रक पाहून स्थानकप्रमुखही ते सांगू शकतो. आणि सर्वांत मोठे व्यंग असे की ते झाले किंवा न झाले, हे ज्याने वचन दिले त्याच माणसाला, त्याच खुर्चीवर तो बसलेला असताना विचारता येते. दीर्घकालीन कामात हा धोका नाही. वचन देणारा एक, आराखडा करणारा दुसरा, तो बदलणारा तिसरा आणि जाब विचारला जाणारा चौथा, अशी सुखाची वाटणी त्यात असते, आणि तो चौथा 'हा विषय माझ्या कारकिर्दीच्या पूर्वीचा आहे' एवढे खरे बोलून मोकळा होतो.

किंबहुना दीर्घकालीन आराखडा हे आपल्या काळातील वतन आहे. वतने खालसा झाली असे इतिहासाची पुस्तके सांगतात, पण त्यांचा आत्मा दप्तरात वावरतोच. महानगर प्रदेशाची एक योजना 1973 साली मंजूर झाली. पुढची 1996 ते 2011 या कालावधीची. ती मंजूर झाली 1999 साली. त्यापुढची 2016 ते 2036 या कालावधीची; तिच्यावर मंजुरीचा शिक्का उमटला 2021 साली. म्हणजे मुंज झाल्यावर बारसे करण्याची ही परंपरा आता चांगली रुजली आहे, आणि ती वाढत्या प्रमाणावर पाळली जात आहे, कारण पहिल्या खेपेस तीन वर्षे लागली, दुसऱ्या खेपेस पाच. आराखड्याच्या अखेरच्या वर्षास नियोजनतज्ज्ञ 'क्षितिज' म्हणतात. या शब्दाची योजना करणाऱ्याच्या प्रामाणिकपणास आमचा नमस्कार. 2008 च्या त्या अभ्यासाचे क्षितिज 2031 हे होते.

आम्ही सर्वस्वी निंदक आहोत असा ग्रह होऊ नये म्हणून सांगतो की या वतनांतून कधी कधी पीक निघतेही. 1960 च्या दशकात विल्बर स्मिथ नावाच्या अमेरिकी सल्लागार कंपनीने मुंबईच्या वाहतुकीची पाहणी केली आणि खाडीपलीकडच्या भूमीशी पुलाने सांधा जोडण्याचा विचार मांडला; तो पूल, सुमारे 21.8 किलोमीटर लांबीचा, अटल सेतू या नावाने 12 जानेवारी 2024 रोजी उघडला. ज्याने तो विचार ऐन पंचविशीत वर्तमानपत्रात वाचला असेल त्यास पुलावरून न्यावयास नातवंडांनी मोटार काढली असेल, आणि पूल सुंदर आहे हे त्यानेही कबूल केले असेल. करंजा आणि रेवस यांच्यामधल्या खाडीवरील पुलाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे 1980 ते 1982 मधली. त्याच अमदानीत कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामकरण एका हुकमाने झाले. पुलाच्या कामास आता कोठे हात लागला आहे. तोवर ती खाडी माणसे पंधराएक मिनिटांत तरीतून पार करतात.

आमचे मेहुणे जिल्हाकचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. शांतीचे होमहवन आटोपून वामकुक्षीच्या वेळी सुपारी कातरीत त्यांनी आमच्या अज्ञानाची कीव केली. "तुम्ही लोक रस्ता कधी होणार एवढेच विचारता," ते म्हणाले. "रस्ता हा शेवटचा कागद. आधी अधिसूचना, मग संयुक्त मोजणी, मग हरकती, मग सुनावणी, मग निवाडा. मधल्या काळात आखणी पाच-पंचवीस मीटर सरकली, की पुन्हा दगड उपटा, पुन्हा रोवा." त्यांच्या एका जुन्या स्नेह्याची पेण तालुक्यात भातशेती आहे. मोजणीदार येऊन बांधावर खुणेचे दगड लावून गेले, तेव्हापासून ती जमीन धड त्याची राहिलेली नाही आणि धड सरकारची झालेली नाही. विकावी तर गिऱ्हाईक सातबारा मागतो, आणि पाहून झाल्यावर चहा पिऊन उठतो. बँकेत न्यावी तर तिथेही तोच कागद, फक्त तिथे चहाही मिळत नाही. विहीर खणावी म्हटले तर विहिरीचे पैसे निवाड्यात धरतील की नाही याची शाश्वती नाही. हा गृहस्थ एकदा मेहुण्यांकडे येऊन अगदी गंभीरपणे विचारता झाला, की "साहेब, सरकार याला बहु मोडलं असं म्हणतं, ते रस्त्याबद्दल की आमच्याबद्दल?" मेहुण्यांनी त्यास इंग्रजी शब्दाचा अर्थ नीट समजावून सांगितला. तरी त्याचे समाधान झाले नाही, आणि मेहुण्यांच्या मुद्रेवरून पाहता त्यांचेही फारसे झालेले दिसले नाही.

दरम्यान प्रकल्प मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या दप्तरातून निघून राज्य रस्ते विकास महामंडळाच्या दप्तरात जाऊन बसला. नवघर ते बलवली असा सुमारे 96 किलोमीटरचा पहिला टप्पा ठरला. निविदा निघाल्या, ठेकेदारांच्या बोली अंदाजपत्रकाहून बऱ्याच चढ्या आल्या, 2025 साली त्या रद्द झाल्या, आणि आता 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या तत्त्वाचा अवलंब व्हावयाचा आहे. या त्रिपदीतील तिसऱ्या क्रियापदाविषयी आम्हांस काळजी नाही. हस्तांतर ही एकच क्रिया या मार्गाच्या बाबतीत आजवर विनाविलंब झालेली आहे.

संध्याकाळी मेहुण्यांबरोबर थळच्या बाजूस फिरावयास गेलो. थळ अलिबागेहून दोन-अडीच कोसांवर. तेथे खताचा मोठा कारखाना आहे आणि त्या कारखान्यापर्यंत पेणहून आलेला लोहमार्ग आहे. नियोजित नव्हे, अभ्यासाधीन नव्हे, खराखुरा, रूळ आणि स्लीपर असलेला. त्यावरून मालगाडी जाते. अलिबागेस रेल्वे नाही, असे आम्ही लहानपणापासून भूगोलात लिहीत आलो आणि त्याचे गुणही मिळवले. वस्तुस्थिती अशी की रेल्वे अलिबागेच्या वेशीपर्यंत येते, परंतु तिच्यातून प्रवास करण्याची पात्रता तूर्त फक्त खतास आहे. या मार्गावर प्रवासी गाडी सोडावी ही मागणीही जुनीच. तिच्यासंबंधी आश्वासने मिळत असतात, आणि मेहुण्यांनी ती कात्रणे तारीखवार लावून ठेवली आहेत.

तेव्हा संबंधित प्राधिकरण, महामंडळ आणि रेल्वे खाते यांच्या चरणी आमची एवढीच विनंती आहे की महामार्ग सावकाश होऊ द्यावा. आखणी हवी तितकी सरकवावी, फक्त सरकविल्यावर बांधावरचे जुने दगड काढून न्यावेत आणि सातबाऱ्यावरची नोंदही त्याच दिवशी पुसावी. क्षितिजही 2031 वरून हवे तेथे न्यावे. तूर्त वसईहून पनवेलकडे दिवसाला चार गाड्या अधिक सोडाव्यात, आणि थळच्या मालगाडीला मागे दोन डबे माणसांसाठी जोडावेत. खताच्या पोत्यांची हरकत असल्यास ती विहित नमुन्यात, तीस दिवसांच्या आत मागवावी.