गावचा हवामानवाला

गावचा हवामानवाला बारा महिने असतो, पण खऱ्या बहरात येतो तो होळी ते अक्षय्य तृतीया या दिवसांत. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षपट्ट्यात तेव्हा घड काढणीला आलेले असतात, गहू सोंगून पडलेला असतो, उन्हाळ कांदा शेतात असतो आणि आभाळाचा काही भरवसा नसतो. जुलैमध्ये पाऊस येईल हे कोणीही सांगेल. मार्चमध्ये येईल का, हे सांगायला जाणकार लागतो.

वय पन्नाशीपुढचे. स्वतःची बाग एक तर तोडून झालेली असते, नाही तर मुलाच्या हवाली केलेली असते. त्यामुळे अंदाज चुकला तर नुकसान कोणाचे, हा प्रश्न त्याच्यापुरता मिटलेला असतो. बैठक कृषी सेवा केंद्राच्या बाकावर, कारण तिथे गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते. पाळण्यातले नाव काही असो, गाव त्याला नानाच म्हणते.

नानांचा तापमापक खताच्या कंपनीने कॅलेंडरासोबत भेट दिलेला असतो आणि पत्र्याच्या शेडखाली, पश्चिमेच्या भिंतीवर लटकतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. त्याला ऊन लागू देत नाहीत. ही वेधशाळेची लबाडी आहे, असे नानांचे मत आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर आणि सरासरीच्या निदान साडेचार अंश वर गेले की हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करतो. नानांची लाट रोज दुपारी एकला येते आणि शेडवर शेजारच्या बंगल्याची सावली पडली की ओसरते.

दुसरे साधन म्हणजे मोबाइल. त्यावर वाऱ्याच्या रेघा सळसळत धावणारा नकाशा असतो आणि युरोपचे व अमेरिकेचे अशी संगणकी प्रारूपे आलटून पालटून बघता येतात. “युरोप पाऊस दाखवतंय, अमेरिका नाही म्हणतेय,” असे नाना सांगतात, तेव्हा बाकावरची मंडळी गप्प होतात. मग नाना दोघांत तडजोड घडवून आणतात. पंचांगातले नक्षत्रांचे वाहन आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी यांना ते चारचौघांत हसतात. घटमांडणीचे भाकीत दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर होते, ते गावात सर्वांत आधी मात्र नानांनाच ठाऊक असते.

आठवड्याचा अंदाज रविवारी संध्याकाळी, आवाजी संदेशाच्या रूपाने सुटतो. सोमवार निरभ्र, तो नानांनी खिडकीतूनच पाहिलेला असतो. मंगळवारी ऊन चढेल, “आणि हे ऊन चांगलं नाही.” इथे नाना शास्त्राला धरून असतात, हे मान्य केले पाहिजे. जमीन तापते, बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून बाष्प आत येते, विदर्भापासून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा तयार झालेला असला तर दुपारनंतर ढग भराभर उंच वाढतात आणि कधी गाराही पडतात. त्यामुळे बुधवारी आणि गुरुवारी नानांचा आवाज खाली उतरतो आणि २०१४ निघते. त्या साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ गारपिटीने झोडपून निघाले होते. तेव्हापासून प्रत्येक काळा ढग नानांना त्याच सालातला दिसतो. शुक्रवारी “कुठं होईल, कुठं नाही.” शनिवार-रविवारी पट्टा सरकेल, कोणीकडे, ते नाना सांगत नाहीत.

हवामान विभागही असेच बोलतो, पण मोजून. तुरळक ठिकाणी पाऊस म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे बहुतेक ठिकाणी. हा विभाग १८७५ साली स्थापन झाला आणि १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिसच म्हणतात. नानांच्या हिशेबी एवढ्या काळात विभागाने एकच गोष्ट कसोशीने पाळली, ती म्हणजे आपल्या गावाचे नाव न घेणे.

अंदाज चुकला तर नाना डगमगत नाहीत. पाऊस आलाच नाही, तर तो शेजारच्या तालुक्यात पडलेला असतो, आणि मार्चमध्ये कुठल्या ना कुठल्या तालुक्यात तो पडतोच. न सांगता आला, तर “मी बोललो होतो, तुम्ही ऐकलं नाही.” विभागाने पिवळा इशारा दिला की नाना त्याला नारिंगी करतात आणि नारिंगीला लाल, एवढे केल्यावर थोडेफार खरे ठरतेच.

तरीही लोक विचारायला येतात, ते काही भोळे म्हणून नव्हे. वादळी पावसाचा ढग काही किलोमीटर रुंद असतो आणि तास-दोन तासांत विरतो. तो कोणत्या शिवारावर फुटेल, हे दोन दिवस आधी कोणतीच वेधशाळा सांगू शकत नाही. रडारवरून देतात तो तातडीचा इशारा पुढच्या तीन तासांपुरता असतो, आणि तीन तासांत मजूरही जमत नाहीत, व्यापाऱ्याची गाडीही येत नाही. पिकलेल्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतात आणि ठरलेला भाव मोडतो. अशा वेळी शेतकऱ्याला टक्केवारी नको असते. “नाना, बुधवारी काढू का?” या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते, आणि ते देण्याची छाती गावात एकट्या नानांचीच असते. शिवाय अंदाज फसला तर वेधशाळेला शिव्या द्यायला पुण्याला जावे लागते. नाना समोरच्या बाकावर असतात.

विजेबद्दल मात्र त्यांना विचारू नये. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे, ते आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. आभाळ गडगडू लागले की झाडाखाली न थांबता पक्के घर गाठावे. नाना तोवर पोचलेले असतात.